गावाचे नगर होते तेव्हा

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यात हुपरी नावाचे गाव आहे. पायांतील पैंजणांचा नाद आपण सर्वांनीच ऐकलेला असतो. परंतु ते पैंजण कोठे घडले, असे क्वचितच कोणी विचारतो. देशातील दूरदूरच्या बाजारपेठांत विकले जाणारे चांदीचे पैंजण फार मोठ्या संख्येने या एका गावी तयार होतात. मुशीत चांदी आटविणे, तिची तार ओढणे, तारेच्या कड्या करणे, त्या एकमेकींत गुंफणे, झाळणे, घुंगरू बसविणे आणि शेवटी उजळा देणे, अशी ही कामे घरोघर वाटलेली असतात. अर्धा घडलेला दागिना एका घरातून दुसऱ्या घरी जातो आणि तेथून तिसऱ्या घरी. गावाबाहेर पाहावे तो उसाचे मळे पसरलेले, आणि गावात शिरावे तो हातोडीचा बारीक ठोका कानी पडतो.

आता सांगा पाहू, हुपरीला खेडे म्हणावे की शहर?

२०११ सालच्या जनगणनेच्या वेळी तेथील वस्ती पंचवीस हजारांच्या पुढे गेलेली होती. दुकाने होती, पेढ्या होत्या, दूर प्रांतीचे व्यापारी येत-जात होते. तरीही कारभार पाहणारी संस्था होती ती ग्रामपंचायतच. पुढे २०१७ साली हुपरीत नगरपरिषदेची पहिली निवडणूक झाली आणि सरपंचपदाच्या जागी नगराध्यक्षपद आले. त्यानंतर थोड्याच काळात शिरोळ येथेही नगरपरिषद झाली, तर आजरा, चंदगड आणि हातकणंगले या गावी नगरपंचायती आल्या. एकाच जिल्ह्यातील इतकी गावे अल्प काळात कागदोपत्री बदलली. रस्ते तेच राहिले, घरे तीच राहिली, माणसेही तीच. मग बदलले ते काय?

गाव आणि नगर यांतील भेद आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होता. बाजाराच्या मोठ्या गावाला ते कसबा म्हणत, व्यापाऱ्यांच्या वस्तीला पेठ म्हणत. कसबा बावडा, पेठ वडगाव ही नावे आजही त्याची साक्ष देतात. परंतु त्या काळी लोक बोलतील ते नाव पुरे होई. आज तसे चालत नाही. आपल्या राज्यात यासाठी १९६५ सालचा एक कायदा आहे. वस्ती दहा हजारांहून अधिक पण पंचवीस हजारांच्या आत असेल, आणि गाव खेडेपण सोडून शहरपणाकडे झुकू लागले असेल, तर तेथे नगरपंचायत नेमता येते. वस्ती पंचवीस हजारांवर गेली, की नगरपरिषदेचा विचार होतो. मात्र केवळ डोकी मोजून भागत नाही. कामधंदा करणाऱ्यांपैकी शंभरातील निदान पस्तीस माणसे शेतीवाचून अन्य उद्योगावर पोट भरीत असली पाहिजेत, अशी नगरपरिषदेसाठी अट आहे. म्हणजे कायदा गावाची लांबी-रुंदी पाहतो त्याहून अधिक तेथील चूल कशावर पेटते ते पाहतो. हुपरीच्या बाबतीत याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागले नसेल!

नियमाला अपवादही असतात. आपल्याच जिल्ह्यातील पन्हाळा पाहा. गडावरील वस्ती २०११ साली तीन हजारांच्या आसपास होती. परंतु तेथे नगरपरिषद आहे. ऐतिहासिक ठिकाण आणि थंड हवेची जागा म्हणून पन्हाळ्यास येणाऱ्या पाहुण्यांचा राबता मोठा, त्यामुळे त्याचे माप निराळे ठरले. इकडे पन्हाळ्याच्या कितीतरी पट मोठी असलेली गावे ग्रामपंचायतीतच नांदत आहेत.

हा बदल ठरवितो कोण? पुष्कळांस वाटते, की गावकऱ्यांनी मते टाकली आणि गाव नगर झाले. आपल्याकडे तसे होत नाही. हा अधिकार राज्य सरकारचा आहे. सरकार प्रथम आपला विचार राजपत्रात प्रसिद्ध करते. तो वर्तमानपत्रात येतो आणि गावातील ठळक जागी लावलाही जातो. ज्या कोणाला याबाबत हरकत घ्यावयाची असेल, त्याने ती जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी, आणि त्यासाठी निदान तीस दिवसांची मुदत असावी, असे कायदा सांगतो. जिल्हाधिकारी त्या हरकती आपल्या अभिप्रायासह सरकारकडे पाठवितात. त्यानंतर सरकार अखेरचा निर्णय करते.

तीस दिवस! एरवी वर्षानुवर्षे चावडीवरच्या कागदाकडे ढुंकूनही न पाहणारी माणसे या तीस दिवसांत तो कागद वाचू लागतात. ज्यांना वाचता येत नाही ते इतरांकडून वाचून घेतात, आणि गावात प्रश्नांचे मोहोळ उठते. असे प्रश्न कोणत्याही गावी सारखेच असतात. ते सारे एकाच ग्रामसभेत विचारले गेले, अशी आपण कल्पना करू. गाव कोणतेही घ्या. देवळासमोर सतरंज्या अंथरल्या आहेत. पंचांच्या शेजारी गावातील एक निवृत्त गुरुजी कायद्याचे पुस्तक घेऊन बसले आहेत.

पहिला उठतो तो म्हातारा शेतकरी. “गुरुजी, आमचं रान नगरात गेलं, तर मग ऊस लावायचा की नाही?”

“आबा, खुशाल लावा,” गुरुजी म्हणतात. “कसबा बावडा कोल्हापूर शहरात आहे, पण तिथं आजही ऊस उभा असतो. साखर कारखानासुद्धा आहे. हद्द बदलली म्हणून सातबारा बदलत नाही.”

आबा खाली बसत नाहीत. “ऊस राहील हो. पण त्या रानावर उद्या बागेचं चित्र काढलं तर?”

हा प्रश्न मात्र खरोखरच खोल आहे. त्याचे उत्तर देण्यास गुरुजींनाही क्षणभर थांबावे लागते. नगर झाले म्हणजे त्याचा विकास आराखडा करावा लागतो. पुढील काळात रस्ता कोठून जाईल, शाळा कोठे होईल, क्रीडांगण, बाजार, स्मशानभूमी कोठे असेल, हे त्या नकाशावर आधीच रेखाटतात. हे सर्व हवेच. अरुंद बोळांत वाढलेल्या गावास ते अधिकच हवे. परंतु बाग कोणाच्या तरी जमिनीवरच काढावी लागते! ज्याच्या दोन एकरांवर ते हिरवे चौकोन पडतात, त्याला ना तेथे बांधता येते, ना ते रान चांगल्या भावाने विकता येते. १९६६ सालच्या नगररचनेच्या कायद्यात याला थोडा उतारा आहे. दहा वर्षांत ती जमीन सार्वजनिक कामासाठी घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊन ती सोडवून घेण्याची मागणी करू शकतो. परंतु दहा वर्षे म्हणजे शेतकऱ्याच्या घरातील एका मुलाचे सारे शिक्षण. आबांची धास्ती अडाणीपणाची आहे, असे कोणीही समजू नये.

दुसरा प्रश्न एका बाईंचा. त्या घरी बसून साखळ्या गुंफतात. “माझं घर हे घर धरणार की कारखाना?”

प्रश्न ऐकून काही जण हसतात. पण त्यात हसण्यासारखे काही नाही. ग्रामपंचायतही घरपट्टी घेते, नगरपरिषदही घेते. नगरपरिषदेत सामान्यतः घर भाड्याने दिले असता वर्षाला किती भाडे येईल, याचा अंदाज करून त्यावर पट्टी बसवितात. राहण्याच्या घराचा दर निराळा, धंद्याच्या जागेचा निराळा. शिवाय शिक्षण उपकरासारखे काही कर असे आहेत, की जे नगरपरिषद गोळा करते खरे, पण जमा होतात ते राज्याच्या तिजोरीत. तेव्हा पट्टी वाढण्याची शक्यता मोठी, हे गुरुजी लपवून ठेवीत नाहीत. “मात्र काकू, आकारणीची यादी झाली, की ती लोकांपुढे ठेवावी लागते आणि हरकती ऐकून घ्याव्या लागतात. त्या वेळी तुमच्या ओसरीत यंत्र नाही, मांडीवर साखळी आहे, हे तुम्हीच जाऊन सांगितलं पाहिजे.”

“आणि पट्टी वाढली तर पाणी वाढेल का?” मागून कोणीतरी विचारते, आणि सभेत खसखस पिकते.

कायद्याने नगरपरिषदेवर काही कामे बंधनकारक केली आहेत. पिण्याचे पाणी पुरविणे, रस्त्यांवर दिवे लावणे, झाडलोट करणे, गटारे बांधून ती वाहती ठेवणे, आग विझविणे, जन्म आणि मृत्यू यांची नोंद ठेवणे, ही त्यांपैकी काही होत. यांतील आग विझविण्याचे एकच काम घ्या. उन्हाळ्यात ऊस पेटला किंवा एखाद्या घरातील भट्टीजवळ भडका उडाला, तर लहान गावाला दूरच्या शहरातून बंब येण्याची वाट पाहत बसावे लागते. बंब येतो तोवर पाहण्यासारखे काही उरलेले नसते. नगरास स्वतःचा बंब ठेवता येतो. परंतु कायद्यात काम लिहिले म्हणजे ते दुसऱ्या दिवशी झाले, असे मात्र नव्हे. त्यास पैसा लागतो, माणसे लागतात आणि मुख्याधिकारी म्हणून सरकारने नेमलेला अधिकारी कामाचा असावा लागतो. नवी नगरपरिषद पुष्कळदा जुन्या ग्रामपंचायतीच्याच इमारतीत, जुन्याच खुर्च्यांवर बसून कामास आरंभ करते. पाटी तेवढी नवी असते.

मग एकामागून एक लहानसहान प्रश्न येतात. परड्यातील आंबा वाळला तर तोडता येईल का? नगरात झाडांसाठी १९७५ सालचा वेगळा कायदा लागू होतो, म्हणून आधी परवानगी मागावी लागेल. ग्रामपंचायतीचा शिपाई कोठे जाणार? शाळा कोण चालविणार? एक मुलगा तर विचारतो, “आमच्या पत्त्यातलं मुक्काम पोस्ट जाणार का हो?” टपालखात्याचा नगरपरिषदेशी काही संबंध नाही, हे कळल्यावर त्याला जरा वाईटच वाटते. बहुधा त्याला नवा पत्ता हवा असावा.

सर्वांत शेवटी एक तरुणी उभी राहते. तिचा प्रश्न कोणाच्या मनात आलेला नसतो. “आज मी इथं उभी राहून विचारते आहे. नगर झाल्यावर कुठं उभं राहायचं?”

सभेत शांतता पसरते. ग्रामपंचायत आणि नगरपरिषद यांतील मोठा भेद नेमका येथे आहे. ग्रामपंचायतीत सात ते सतरा सदस्य असतात, पण त्यांच्या वर ग्रामसभा असते. गावातील प्रत्येक मतदार तिचा सभासद. वर्षातून निदान चार वेळा ती भरविणे भाग आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस आपल्या ओळखीचे आहेत. तेथे भूमिहीन मजुरालाही उठून विचारता येते, की अमुक रस्त्याचे पैसे कोठे गेले? उत्तर मिळेलच असे नाही. ग्रामसभा कागदावर भरवून उरकणारी गावेही आहेत. परंतु विचारण्याचा हक्क आहे. नगरपरिषदेची सभा असते ती निवडून आलेल्या सदस्यांची. नागरिकाला तेथे बसून ऐकता येते, मात्र बोलता येत नाही. त्याने आपल्या प्रभागाच्या सदस्यास गाठावे, अर्ज द्यावा, मुख्याधिकाऱ्यांची भेट घ्यावी. त्याचप्रमाणे जिल्हा परिषद आणि पंचायत समिती या १९६२ साली सुरू झालेल्या संस्थांसाठी तो आता मत देऊ शकत नाही, कारण त्या ग्रामीण भागाच्या संस्था आहेत.

तेव्हा गाव नगर होते, त्या वेळी दिवे आणि गटारे यांच्याबरोबर प्रश्न विचारण्याची जागाही बदलते. माझ्या मते सर्व प्रश्नांत हा प्रश्न आधी विचारावयास हवा. प्रत्यक्षात तो शेवटी येतो, किंवा येतही नाही.

याच प्रश्नाचे दुसरे रूप कोल्हापूर शहराच्या वेशीवर दिसते. कोल्हापुरात नगरपालिका १८५४ साली स्थापन झाली, आणि १९७२ च्या डिसेंबरात तिची महानगरपालिका झाली. २०११ साली शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. शहर वाढत गेले आणि उचगाव, पाचगाव, कळंबे तर्फ ठाणे, मोरेवाडी, उजळाईवाडी अशा गावांच्या घरांना शहराची घरे येऊन भिडली. एका बाजूचे घर महानगरपालिकेत आणि समोरचे ग्रामपंचायतीत, अशीही स्थिती आली. शहरातील लोक म्हणू लागले, की या गावांतील माणसे आमचे रस्ते, आमच्या बसगाड्या, आमची रुग्णालये वापरतात. त्यांनी शहरात यावे आणि खर्चाचा भार उचलावा. हद्द वाढली नाही तर शहराची वाढ खुंटेल, असेही त्यांचे म्हणणे. गावकऱ्यांनी उलट विचारले, “शहरातल्या उपनगरांनाच अजून धड सोयी नाहीत, मग आम्हाला तुम्ही काय देणार?” आमची जमीन जाईल, पट्टी वाढेल आणि लाखो मतांत आमचे मत बुडून जाईल, अशी भीती त्यांनी बोलून दाखविली. मोर्चे निघाले, गावे बंद राहिली. अखेर २०१७ साली सरकारने हद्दवाढ न करता शहराभोवतालच्या बेचाळीस गावांसाठी एक नागरी विकास प्राधिकरण स्थापन केले. गावांच्या ग्रामपंचायती तशाच ठेवून त्या भागाचा नकाशा आखणे आणि बांधकामास परवानगी देणे ही कामे या प्राधिकरणाकडे आली. हा मधला मार्ग दोन्ही पक्षांस पुरता मानवला, असे मात्र म्हणता येणार नाही. पुढे गावकऱ्यांच्या तक्रारींचा रोख प्राधिकरणाकडेही वळला.

शेजारचे मोठे शहर आपल्याला गिळील, ही भीती केवळ करवीरच्या गावांची नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात लेकवुड नावाची वस्ती आहे. तिच्याशेजारी लाँग बीच हे मोठे शहर. ते आपल्याला आपल्या हद्दीत ओढू पाहत आहे, असे दिसताच लेकवुडच्या रहिवाशांनी १९५४ साली मतदान करून आपले स्वतंत्र नगर स्थापन केले. नगर झाले, पण पोलीस, रस्ते यांसारख्या सोयी स्वतः उभ्या करण्याइतका पैसा कोठून आणणार? त्यांनी त्या लॉस एंजेलिस परगण्याकडून मोबदला देऊन घेतल्या. पुढे तेथील अनेक वस्त्यांनी हाच कित्ता गिरविला. तेथे मतदानाने जो निर्णय झाला, तो आपल्याकडे सरकारच्या अधिसूचनेने होतो, हा भेद विसरता कामा नये. म्हणूनच आपल्याकडे त्या तीस दिवसांना इतके मोल आहे.

हरकत कशी लिहावी, हेही येथे सांगितले पाहिजे. “आम्हाला नगरपरिषद नको” एवढेच लिहिलेला अर्ज आणि “आमच्या गावी शेतीवर जगणारी कुटुंबे इतकी आहेत, नळाचे पाणी इतक्या घरांना मिळते, म्हणून अमुक वाडी या हद्दीतून वगळावी” असे लिहिलेला अर्ज, यांत मोठे अंतर आहे. पहिल्यावर हजार सह्या असल्या, तरी त्यातून अधिकाऱ्यास गावाविषयी काही कळत नाही. दुसऱ्यावर एकच सही असली, तरी त्यास उत्तर द्यावे लागते. पाठिंबा देणाऱ्यांसही हेच लागू आहे. नगर हवे असेल तर ते कशासाठी, हे त्यांनीही आकड्यांनी सांगावे.

आपल्या कल्पनेतील त्या सभेत अंधार पडू लागतो. गुरुजी पुस्तक मिटतात. तरुणीच्या प्रश्नावर ते इतकेच म्हणतात, “बाळ, नगर झालंच तर तुझ्या प्रभागाच्या सदस्याला दर महिन्याला याच देवळासमोर बसवायचं. कायदा त्याला या म्हणत नाही. पण येऊ नको असंही म्हणत नाही.” सतरंज्या गुंडाळल्या जातात. आबा काठी टेकीत निघतात, आणि त्या बाई तरुणीला आपला हरकतीचा अर्ज लिहून देण्यास सांगतात. मुदत संपण्यास अजून अकरा दिवस असतात.

स्वाध्याय

१. हुपरी आणि पन्हाळा या दोन ठिकाणी नगरपरिषद असण्याची कारणे निरनिराळी कशी आहेत, ते तुमच्या शब्दांत लिहा.

२. आबांची धास्ती लेखकाला अडाणीपणाची का वाटत नाही?

३. तुमच्या गावी किंवा प्रभागात पाणी, दिवे आणि गटारे यांची व्यवस्था कोण पाहते? घरातील पट्टीची पावती पाहून तीवरील करांची नावे उतरवून काढा.

४. तुमच्या गावाचे नगर होणार आहे, असे समजून जिल्हाधिकाऱ्यांस हरकतीचे किंवा पाठिंब्याचे पत्र लिहा. पत्रात निदान तीन गोष्टी प्रत्यक्ष मोजून दिलेल्या असाव्यात.